सदऱ्यावरचा डाग

थोंगसुक : थुंक म्हटलं ना मावशी. एवढंच मागतोय. पोरीच्या या सदऱ्यावर थुंकायचं आणि म्हणायचं, मी सोडलं. मग मी चाललो.

चांथी : हातातली चादर पिळून होऊ दे. वॉर्डातली माणसं उघड्या गाद्यांवर झोपलीयत.

थोंगसुक : माझी पोर मरतेय तिकडे. बघ, गाडी फाटकाच्या आत घातलीय. मागच्या हौद्यात आडवी आहे मालाई.

चांथी : दिसतेय. तिच्या उशापासून तीस पावलांवर कॅज्युअल्टीचं दार आहे, तेही दिसतंय. दार सोडून तू धुणं धुणाऱ्या बाईकडे आलास.

थोंगसुक : हौस म्हणून नाही आलो. काल मांत्रिकानं तिच्या पाठीवर सुताचा दोर चालवला. आत कोण बसलंय, कुणाचं आहेस, विचारलं. अकराव्या फटक्याला तिनं नाव घेतलं. चांथी, असं म्हणाली. सगळ्या गावानं ऐकलं.

चांथी : तुझ्या भावानं कितव्या फटक्याला घेतलं होतं?

थोंगसुक : सात वर्षं झाली त्याला. जुनं कशाला उकरतेस?

चांथी : विचारते आपलं. बुनमी फडात दोघांचा ऊस एकटा तोडायचा, हाडापेरानं मजबूत. त्याला अकरा पुरले नसतील.

थोंगसुक : सतरा.

चांथी : सतरा. आणि मला सूर्य बुडायच्या आत गाव सोडायला सांगितलंत. का, तर आदल्या दिवशी त्यानं माझ्या हातची बांबूच्या कोंबांची आमटी खाल्ली होती. माझ्या सख्ख्या बहिणीनं मला बघून घराची शिडी वर ओढून घेतली. माझ्या घराचे खांब कुठे आहेत रे आता?

थोंगसुक : खांबांचं काय आता?

चांथी : तुझ्या दुकानाच्या गोदामाला. सागाचे आहेत, अजून शंभर वर्षं हलायचे नाहीत.

थोंगसुक : खांब परत देतो. सगळे देतो. पाया पडू का? पडतो. पण तुझ्या अंगातलं ते भूत, तो पॉब आवर. पोरीचं काळीज खातोय तो आतून. परवापासून रक्त ओकतेय.

चांथी : पड की पाया. बघू दे तरी कसं दिसतं ते.

थोंगसुक : हे बघ. पडलो. झालं समाधान?

चांथी : नाही झालं. वाटलं होतं होईल. ऊठ, इथे ब्लिचिंग पावडरीचं पाणी सांडलंय, गुडघे सोलतील. आण तो सदरा इकडे.

थोंगसुक : थुंकतेस?

चांथी : बघते आधी. सात वर्षं मी या दवाखान्याच्या चादरी धुतेय थोंगसुक. डॉक्टर माणूस बघतात, मी डाग बघते. दारूनं लिव्हर गेलेल्यांचं रक्त बादलीभर येतं, लालभडक. क्षयाचं खोकल्याबरोबर येतं आणि त्याला फेस असतो. मला चादर दाखव, खाट कुठल्या वॉर्डातली ते सांगते.

थोंगसुक : इथे पॉबनं खाल्लेल्याचं रक्त कधी आलं नसेल.

चांथी : रोज येतं. ही बघ बाही. हे काळं, दाणेदार, कॉफीच्या गाळासारखं. हे पहिल्या दिवशीचं ना?

थोंगसुक : परवा सकाळचं. आम्हाला वाटलं काहीतरी काळं खाल्लं असेल.

चांथी : शी कशी होत होती?

थोंगसुक : हे काय विचारणं झालं?

चांथी : पोर तुझी आहे. लाज वाटत असेल तर घेऊन जा.

थोंगसुक : काळी. डांबरासारखी, चिकट. घाण वास येतो म्हणून तिची आई सांगत होती. आठ-दहा दिवस झाले असतील.

चांथी : दहा दिवस. आणि पोटात, इथे, छातीच्या खाली दुखायचं. रात्री जास्त. चार घास खाल्ले की जरा बरं वाटायचं.

थोंगसुक : तुला कसं ठाऊक? बघ. बघ, तूच बसली होतीस आत.

चांथी : कंबर कधीपासून धरलीय तिची?

थोंगसुक : कंबर? ती मागावर बसते दिवसभर. लग्न ठरलंय तिचं, पुढच्या महिन्यात. नवऱ्याच्या घरच्या थोरामोठ्यांना द्यायच्या उशा, चादरी, सगळं नवरीनं स्वतः विणायचं असतं, तुला काय सांगायचं. सासर मोठं आहे. चाळीस उशा. पहाटेपासून बसते पोर. पाठ मोडते, पण एक दिवस खाडा नाही.

चांथी : पाठ मोडलेली पोर खाडा का करत नाही?

थोंगसुक : मेहनती आहे.

चांथी : तू तिला काय देतोस, थोंगसुक?

थोंगसुक : काय देणार? पुडी देतो. आपल्या दुकानातली.

चांथी : ती पाच गोळ्यांची. एक पिवळी, एक गुलाबी, दोन पांढऱ्या आणि ती बारीक हिरवी. काचेच्या बरणीत, काउंटरवर, पापडांच्या शेजारी.

थोंगसुक : अंगदुखीची आहे. सगळं गाव घेतं. ऊसतोडीला जायच्या आधी माझ्याकडे रांग लागते सकाळी. घेतली की म्हातारा माणूससुद्धा पोरासारखा उठतो.

चांथी : किती देत होतास?

थोंगसुक : दिवसाला तीन. दोन महिने झाले. गुण किती आला म्हणून सांगू, पोर भरली अंगानं. तोंड कसं चंद्रासारखं गोल झालं. सासू बघायला आली तर म्हणाली, खात्यापित्या घरची दिसते.

चांथी : बुनमीचंही तोंड गोल झालं होतं. शेवटच्या वर्षी.

थोंगसुक : काय म्हणायचंय तुला?

चांथी : रक्त ओकायला लागल्यावर काय दिलंस?

थोंगसुक : पोटात कळा येत होत्या तिला. तडफडत होती. मग पुडीच दिली. दोन-दोन एकदम. रिकाम्या पोटी, म्हणजे लवकर लागू पडते.

चांथी : अरे देवा.

थोंगसुक : काय झालं?

चांथी : हा वरचा डाग बघ. लाल आहे. हा कधीचा?

थोंगसुक : आत्ता, येताना. वाटेत भातशेतापाशी गाडी थांबवली तेव्हाचा. हात भरले माझे.

चांथी : खालचं काळं, वरचं ताजं. आधी झिरपत होतं, आता नळ फुटलाय. थोंगसुक, मी तुला छळत होते. तुला इथे तासभर रडवायचं ठरवलं होतं मी, तू फाटकातून आलास तेव्हाच. ते सगळं सोडलं. उचल पोरीला आणि आत ने. पॉब नाही, काही नाही. त्या गोळ्यांनी जठराला भोक पडलंय. तुझ्या भावालाही तेच झालं होतं.

थोंगसुक : जीभ सांभाळ.

चांथी : पळ.

थोंगसुक : म्हणजे मी मारलं बुनमीला? आणि आता पोटच्या पोरीला मारतोय? हे सांगायला सात वर्षं थांबली होतीस होय? तो डॉक्टरच्या हाताखालीच मेला, मावशी. मांत्रिक बजावत होता, आत पॉब असताना सुई टोचू नका, टोचलीत तर एका घासात सगळं खाऊन जाईल. आम्ही ऐकलं नाही. याच दवाखान्यात आणला. सुई टोचली, संध्याकाळी गेला.

चांथी : तीन दिवस दोर खाऊन आणलात त्याला. अंगात रक्त उरलं होतं कुठे? मी ओरडते, सिस्टर येतील स्ट्रेचर घेऊन.

थोंगसुक : ओरड. ही किल्ली बघ. एक माणूस जरी बाहेर आला, तर गाडी फाटकाबाहेर. नदीपलीकडे दुसरा मांत्रिक आहे, दोन तासांवर.

चांथी : दोन तास नाहीत तिच्याकडे.

थोंगसुक : मग थुंक.

चांथी : मला तिच्याशी बोलू दे. चल गाडीपाशी. मालाई. ए पोरी. डोळे उघड.

मालाई : चांथीआजी.

चांथी : हो.

मालाई : तू आहेस माझ्या पोटात?

चांथी : नाही गं बाई. मी इथे उभी आहे. हात दे. बर्फ झालाय हात.

मालाई : मी तुझं नाव घेतलं. रागावलीस?

चांथी : का घेतलंस?

मालाई : दोर लागत होता. ते म्हणत होते, कोण खाऊ घालतं, नाव सांग, मग थांबतो. लहानपणी तू मला बांबूच्या नळीतला गोड भात द्यायचीस. मला भूक लागली होती आजी. तेच आठवलं.

चांथी : ऐकलंस, थोंगसुक?

थोंगसुक : ऐकलं. म्हणाली ना स्वतःच. खाऊ घालायचीस तू तिला. त्यातूनच शिरलीस तू... शिरला तो.

मालाई : बाबा, खूप तहान लागलीय.

चांथी : ओठ बघ तिचे. पांढरे पडलेत. नाडी बघ, ही अशी, चिमणीच्या छातीसारखी. थोंगसुक, तुझ्या हाता-पाया पडते. तिला आत घेऊन जा, मग मला काय करायचं ते कर. दुसरं घर नाही माझ्याकडे पाडायला, पण जे आहे ते पाड.

थोंगसुक : तू हट्टी आहेस. तेव्हाही हट्टीच होतीस. सगळ्या गावासमोर एकदा म्हटलं असतंस, हो, आहे माझ्या अंगात, सोडते त्याला, तर बुनमी वाचला असता आणि तुझं घरही राहिलं असतं. नाही म्हणालीस. मान ताठ ठेवून गेलीस.

चांथी : खोटं कसं बोलणार होते मी?

थोंगसुक : आता बोल मग, तुला खोटं वाटत असेल तर. माझं काही जात नाही. पण मी फोन चालू करणार. गावानं बघितलं पाहिजे. मांत्रिक म्हणाला, कबुली दहाजणांच्या कानावर पडली नाही तर पॉब परत फिरतो.

चांथी : भिंतीपाशी बघ. माझी जोडीदारीण सायफोन उभी आहे, तिच्या मागे सगळ्या धुणाऱ्या. दुपारच्या जेवणाला आल्यात. त्यांना मी सांगितलंय की नवरा मेला म्हणून गाव सोडलं. सायफोन आणि मी एका टोपलीतून भात खातो, सात वर्षं. एवढंच आहे माझ्याकडे. फोन नको चालू करूस.

थोंगसुक : त्याही ऐकतील. बरंच झालं. दहा भरतात.

मालाई : बाबा...

चांथी : तोंडातून परत आलं. तिला कुशीवर कर. कुशीवर कर आधी, घशात अडकेल. हं. असं. थोंगसुक, कर तुझा फोन चालू.

थोंगसुक : नाव घे आधी.

चांथी : मी चांथी.

थोंगसुक : मोठ्यानं. त्या बायकांना ऐकू गेलं पाहिजे.

चांथी : मी चांथी. माझ्या अंगात पॉब आहे.

थोंगसुक : बुनमीचं म्हण.

चांथी : ते कशाला? पोरीचं सांगते ना.

थोंगसुक : बुनमीचं म्हण. नाहीतर लोक म्हणतील थोंगसुकनं उगाच बाईचं घर पाडलं.

चांथी : बुनमीला मी खाल्लं. बांबूच्या आमटीतून शिरले. तो सतरा फटके खाऊन खरं बोलला. त्याच्या भावानं माझं घर पाडलं ते बरोबर केलं. मालाईला मी खात होते, तिला आता सोडलं. सोडलं. सोडलं. आण तो सदरा. ही थुंकले. पुरे?

थोंगसुक : पुरे. आई गं, अंगावर काटा आला.

चांथी : मग उचल तिला, मेल्या, उभा काय राहिलास.

(तीन दिवसांनी, दुपारी. धुण्याच्या आवारामागची चिंच. चांथी बोचक्याशेजारी बसलेली.)

थोंगसुक : मावशी, इथे का बसलीस? मी तुला टाक्यांपाशी शोधतोय. आनंदाची बातमी आहे. पोर उठून बसली. सकाळी पेज प्याली.

चांथी : कळलं. सफाईवाली सांगत होती, लांबूनच.

थोंगसुक : चार बाटल्या रक्त चढवलं. घशातून दुर्बीण घातली आत. डॉक्टरनं मला पडद्यावर दाखवलं. बाटलीच्या बुचाएवढी जखम, गोल. वेळेवर आणलंत म्हणाला, आणखी अर्धा तास गेला असता तर हातची जात होती. मी मनात म्हटलं, पॉबचा दात लागलेला दिसतोय की स्वच्छ.

चांथी : गोळ्यांचं विचारलं असेल त्यानं.

थोंगसुक : विचारलं. दुखण्याच्या गोळ्या घेते का म्हणाला. मी म्हटलं, नाही. मग मालाईला विचारलं.

चांथी : काय म्हणाली?

थोंगसुक : माझ्याकडे बघितलं तिनं. मग मान हलवली, नाही म्हणून. शहाणी आहे. दुकानाचं नाव कशाला घ्यायचं लोकांत.

चांथी : मी गेले होते सांगायला. वॉर्डाच्या दाराशी मला बघून पेशंटांचे नातेवाईक ओरडायला लागले. एका बाईनं पोराच्या तोंडावर पदर टाकला. वॉर्डबॉयनं हाताला न शिवता काठीनं ढकललं बाहेर. तिथूनच ओरडून सांगितलं मी डॉक्टरला, पुडी, पुडी.

थोंगसुक : हो, म्हणून तर त्यानं परत विचारलं. मी म्हटलं, साहेब, त्या बाईची कबुली आहे माझ्या फोनमध्ये, तिचं काय ऐकता. त्यानं कपाळाला हात लावला. मग कागदावर लिहून दिलं, या या गोळ्या जन्मात द्यायच्या नाहीत. नऊ नावं आहेत. मी गावी जाऊन बरणी बघून आलो. आपल्या पुडीचं नाव त्यात कुठेच नाही.

चांथी : पुडीवर नाव असतं कुठे, थोंगसुक? कोऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या असतात त्या.

थोंगसुक : तेच म्हणतोय मी. त्यात नाही.

चांथी : घरी गेल्यावर देऊ नकोस तिला. एवढं माझं ऐक. पुढच्या वेळी थुंकून भागणार नाही.

थोंगसुक : पुढची वेळ कसली? तू सोडलंस ना. मांत्रिकानं तांदूळ टाकून बघितलं, रस्ता मोकळा आहे म्हणाला. अजून बारा उशा राहिल्यात, महिना उरलाय. पण मावशी, मी उपकार विसरणारा माणूस नाही. गावात तुझं वाईट कुणी बोलत नाही आता. कबूल केलं म्हणतात, मोठ्या मनाची आहे म्हणतात. गावात घेता येणार नाही, ते तूही समजून घे. पण फोनवर सगळ्यांनी बघितलंय.

चांथी : इथेही बघितलंय. सायफोननं भाताची टोपली वेगळी केली त्याच दिवशी. काल मुकादम म्हणाला, पेशंट तुझ्या हातच्या चादरीवर झोपायला तयार नाहीत. म्हणून हे बोचकं. बसची वाट बघतेय.

थोंगसुक : कुठे जाणार?

चांथी : जिथे तुझा फोन पोचला नसेल तिथे.

थोंगसुक : वाईट वाटतं. खरंच वाटतं. मालाई आठवण काढत होती तुझी, गोड भात मागत होती. तिच्या आईनं गप्प केलं. हात बघू तुझे. काय ही बोटं, पावडरीनं खाल्लीयत पार. सांधे सुजलेत. दुखत असतील.

चांथी : दुखतात.

थोंगसुक : मग या पुड्या धर. पैसे नकोत, तुझ्याकडून कसले पैसे. वीस आहेत, दहा दिवस पुरतील. सकाळी एक, संध्याकाळी एक. आणि प्रवासात जेवणाची आबाळ झाली तरी काळजी करू नकोस, रिकाम्या पोटीसुद्धा चालते.